ब्रिटनमधल्या बागवाल्या घरांत मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालकांनी स्वतःच्या हातांनी फुलवलेली बाग असलेल्या ब्रिटनमधल्या घरगुती बी अँड बीमध्ये (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे मुक्काम आणि सकाळचा नाश्ता) राहायला जाणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: बागेचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि सहल त्याच्याशी जुळवून आखली तरच अशा घरात राहण्याचा खरा आनंद मिळतो.

१. बी अँड बी म्हणजे छोटं हॉटेलच ना? मग बागवालं बी अँड बी वेगळं काय?

हॉटेल नव्हे, ते कुणाचं तरी राहतं घर असतं. दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी, बाकी घरात मालक राहतात आणि सकाळचा नाश्ताही तेच करतात. खोल्या इतक्या कमी असण्यामागे कराचाही हिशेब आहे. इंग्लंडमध्ये मालक त्याच घरात राहत असेल, पाहुणे ठेवणं हा घराचा दुय्यम वापर असेल आणि एका वेळी सहापेक्षा जास्त पाहुणे ठेवायचा इरादा नसेल, तर व्यावसायिक मालमत्तेचा कर लागत नाही. म्हणून रिसेप्शन, लिफ्ट, रूम सर्व्हिस यांची अपेक्षा ठेवू नका.

बागवाल्या घरात बहुधा बाग आधी आलेली असते आणि पाहुणे नंतर. दुपारी बेल वाजवूनही दार उघडलं नाही, तर घराला वळसा घालून मागे जा. मालकीणबाई गुडघ्यांखाली गादी घेऊन वाफ्यात तण काढत बसलेल्या असण्याची शक्यता बरीच आहे.

२. वेबसाइटवर सगळ्यांचीच बाग सुंदर दिसते. खरी जीव लावलेली बाग कशी ओळखायची?

आधी फोटोंत ऋतू किती आहेत ते मोजा. सगळे फोटो एकाच उन्हाळी दुपारचे, टांगत्या कुंड्या भरगच्च फुललेल्या आणि पुढ्यात वाइनचे दोन ग्लास असतील, तर ती नर्सरीतून तयार आणलेली शोभा असू शकते. खरा माळी फेब्रुवारीतली स्नोड्रॉपची पांढरी फुलं दाखवतो, एप्रिलमधली अर्धवट उघडलेली पालवी दाखवतो, ऑक्टोबरमध्ये मुद्दाम न कापलेले वाळके बोंडांचे दांडे दाखवतो.

मग मजकूर वाचा. ‘प्रशस्त, रमणीय बाग’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘आमची माती चिकण आहे, उत्तरेच्या भिंतीवर वेली हायड्रेंजिया चढवला आहे’ असं लिहिणाऱ्याने त्या भिंतीपाशी बरीच वर्षं घालवलेली असतात. ‘मॅच्युअर गार्डन’ म्हणजे मोठी झाडं आणि जुनं कुंपण; फुलं असतीलच असं नाही. ‘लो मेंटेनन्स’ म्हणजे बहुधा फरशी, खडी आणि चार कुंड्या.

खडी दिसली म्हणून लगेच नाव खोडू नका मात्र. एसेक्समध्ये प्रसिद्ध माळी बेथ चॅटो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या पार्किंगच्या जागेवर खडीतली बाग केली. कोरड्या हवेला मानवणारीच झाडं निवडल्यामुळे तिला पाणी घालावं लागत नाही. त्या वाटेने जाणारे हौशी माळी भरपूर आहेत. झाडांमधून खडी डोकावत असेल तर ती बाग. खडीत कुठेतरी एखादं झाड असेल तर ते अंगण.

फोटोच्या कोपऱ्यात कंपोस्टचा ढीग, पावसाचं पाणी साठवायचं पिंप किंवा काचघर दिसलं तर खुशाल बुकिंग करा. आणि मे महिन्यात गुडघाभर वाढलेलं गवत पाहून नाक मुरडू नका. प्लांटलाइफ या संस्थेने २०१९ साली ‘नो मो मे’ ही मोहीम सुरू केली. मधमाश्या-फुलपाखरांसाठी मे महिनाभर गवत कापायचं नाही, असा तिचा अर्थ. त्या उंच गवतातून यंत्राने कापलेली एक स्वच्छ पायवाट जात असेल, तर गवत हौसेने वाढवलेलं आहे. वाट नसेल तर राहून गेलेलं आहे.

३. ‘पिवळं पुस्तक’ म्हणतात ते काय? त्यात नाव असलेलंच घर निवडावं का?

नॅशनल गार्डन स्कीम ही संस्था १९२७ साली जिल्हा परिचारिकांसाठी निधी उभारायला सुरू झाली. पहिल्या वर्षी माणशी एक शिलिंग घेऊन ६०९ खासगी बागा लोकांसाठी उघडल्या होत्या. आज इंग्लंड आणि वेल्समधल्या हजारो बागा यात आहेत. या बागांची यादी देणाऱ्या मार्गदर्शिकेच्या पिवळ्या मुखपृष्ठावरून ‘पिवळं पुस्तक’ हे नाव पडलं. स्कॉटलंडची वेगळी योजना १९३१ पासून चालते.

बाग यादीत घेण्याआधी संस्थेचे स्वयंसेवक ती पाहून जातात, म्हणून नाव असणं ही चांगली खूण आहे. पण नाव नसलं तर बाग कमी दर्जाची, असं समजू नका. कुणाकडे गाड्या लावायला जागा नसते, कुणाला गर्दी सोसत नाही. खुल्या दिवशीच तिथे मुक्काम असेल तर प्रश्न १६ पाहा.

४. कोणत्या महिन्यात जावं?

आम्हाला सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. ‘उन्हाळ्यात’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण पंधरा दिवसांच्या फरकाने बाग ओळखू येत नाही.

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर स्नोड्रॉप असतात. ग्लॉस्टरशरचं कोल्सबोर्न पार्क आणि केंब्रिजजवळचं अँग्लसी अ‍ॅबी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्या दिवसांत सगळीकडे गर्दी कमी असते आणि मालकांना बोलायला वेळ असतो. मार्चमध्ये डॅफोडिल. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ब्लूबेल आणि ट्यूलिप. मे महिन्यात विस्टेरिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन. वेल्समध्ये बॉडनंट बागेतली लॅबर्नमच्या झाडांची कमान मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला पिवळी धमक होते.

त्याच सुमारास एक खळगा येतो, त्याला माळी ‘जून गॅप’ म्हणतात. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. वसंतातले कंद संपलेले, त्यांची पानं पिवळी पडून लोळतायत आणि उन्हाळी झाडं अजून नुसती हिरवी. चांगला माळी हा खळगा ॲलियम, आयरिस, फॉक्सग्लोव्ह लावून भरतो, तरी नेमक्या याच आठवड्यात आलेले पाहुणे थोडे हिरमुसतात.

गुलाबांसाठी जूनचा मध्य ते जुलैचा पहिला आठवडा. जुने, वर्षातून एकदाच बहरणारे गुलाब या तीन आठवड्यांत उरकतात. हे हुकलं तर पुढच्या वर्षीच. सूर्य लंडनजवळ सव्वानऊनंतर आणि एडिंबरात दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवून आल्यावरही बागेत तासभर बसता येतं. जुलै-ऑगस्ट बहुवर्षायू फुलांच्या लांब वाफ्यांचे. डेलिया जुलैअखेरीपासून पहिल्या कडक थंडीपर्यंत. त्या एका रात्रीत काळ्या पडतात.

आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. डेलिया आणि ॲस्टर भरात, गवताच्या तुऱ्यांतून तिरपं ऊन आणि शाळा उघडल्यामुळे खोल्या मोकळ्या.

हे सगळं दक्षिण इंग्लंडचं गणित. उत्तरेकडे आणि उंचावर दोन-तीन आठवडे उशीर धरा. कॉर्नवॉलमध्ये उलट लवकर. तारीख ठरवण्यापूर्वी मालकांनाच विचारलेलं उत्तम (प्रश्न ५).

५. बुकिंगच्या वेळी नेमकं काय विचारायचं?

वेबसाइटवरून थेट बटण दाबण्याआधी मालकांना एक ईमेल करा आणि त्यात एवढं विचारा:

त्या आठवड्यात बागेत काय फुललेलं असतं? पाहुण्यांना पूर्ण बागेत फिरता येतं की ठरावीक भागातच? (काही घरांत जाहिरातीतला सर्वांत देखणा कोपरा मालकांचा खासगी असतो.) खोलीतून बाग दिसते का? दर खोलीचा की माणशी? बी अँड बीमध्ये दोन्ही पद्धती चालतात आणि इथेच हिशेब दुप्पट होतो. बाथरूम खोलीला लागून आहे का? ‘एन-स्वीट’ म्हणजे लागून. ‘प्रायव्हेट बाथरूम’ म्हणजे फक्त तुमचं, पण कदाचित बोळ ओलांडून पलीकडे.

पहिल्या प्रश्नाला दोन परिच्छेदांचं उत्तर आलं, तर घर बरोबर निवडलंत.

६. एक रात्र पुरते का?

झोपायला पुरते, बाग पाहायला नाही. संध्याकाळी पाच-सहाला पोचून सकाळी दहाला निघालात, तर मधला बराच वेळ काळोखात आणि नाश्त्यात जातो. दोन रात्री राहिलात की एक पूर्ण सकाळ आणि दोन संध्याकाळी मिळतात. शिवाय मधल्या दिवशी जवळची मोठी बाग होते. उदाहरणार्थ, केंटच्या दक्षिणेला राहिलात तर सिसिंगहर्स्ट आणि ग्रेट डिक्स्टर एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. मोठ्या बागांना आठवड्याची सुट्टी असू शकते, तेवढी आधी तपासा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी अनेक घरं एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत, कारण एका रात्रीसाठीही चादरी, टॉवेल, सफाई सगळं तेवढंच करावं लागतं.

७. ते पासपोर्ट मागतील का?

१९७२ सालच्या नियमानुसार १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक पाहुण्याचं पूर्ण नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवून ती नोंद वर्षभर ठेवणं मालकांना बंधनकारक आहे. पासपोर्ट क्रमांक आणि पुढचा पत्ता द्यावा लागतो तो ब्रिटिश, आयरिश किंवा राष्ट्रकुलातले नागरिक नसलेल्यांना. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टधारकांना हा दुसरा भाग लागू नाही. तरी कुणी मागितलाच तर दाखवून मोकळे व्हा.

८. पोचायला उशीर झाला तर? पत्ता सापडत नाही असंही ऐकलंय.

चेक-इन बहुधा चार ते सहा. उशीर होणार असेल तर निघतानाच कळवा. रात्रपाळीला कुणी नसतं, तुमच्यासाठी एक माणूस जागा असतो.

पत्ता न सापडण्याचं कारण पोस्टकोड. शहरात तो गल्लीपुरता असतो, खेड्यात तोच पोस्टकोड दूरदूरच्या अनेक घरांना मिळून असतो आणि जीपीएस भलत्याच शेताच्या फाटकाशी आणून सोडतं. मालकांकडून ‘अमुक पबनंतर डावीकडे, पांढरं फाटक’ अशी वाट आधीच लिहून घ्या, कारण ऐनवेळी मोबाइलला रेंज असेलच असं नाही. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली, तर जवळच्या रुंद जागेपाशी असलेल्याने थांबायचं किंवा मागे घ्यायचं.

९. बागेत कधीही फिरलं तर चालतं का?

मालकांनी वेगळं सांगितलं नसेल तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. सकाळी सहा-सातची वेळ सर्वांत चांगली, फक्त कुत्रा भुंकून घर जागं करणार नाही ना, हे आदल्या रात्री विचारून ठेवा. दार-फाटक जसं सापडलं तसं ठेवा: बंद असेल तर मागे बंद करा. ससे किंवा कोंबड्या एकदा भाजीच्या वाफ्यात शिरल्या की महिन्यांची मेहनत जाते.

हिरवळीवर चालायला सहसा हरकत नसते, एक अपवाद सोडून. दहिवर गोठून गवत पांढरं झालं असेल तर पाऊल टाकू नका. गोठलेल्या पेशी वजनाने फुटतात आणि तुमची पावलं पुढे कित्येक दिवस तपकिरी ठशांच्या रूपाने दिसत राहतात. वाफ्यातल्या मातीवर तर कधीच नको: ओली माती दबते आणि वर न आलेले कोंब मोडतात. ब्लूबेलच्या ताटव्यात फोटोसाठी शिरण्याचा मोह आवरा. पानं चिरडली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो भाग पूर्ववत व्हायला वर्षं लागतात.

बूट आणाच. दव इतकं असतं की कापडी बूट दहा मिनिटांत भिजतात. भारतातून नेताना तळव्यांची माती घासून काढा, झाडांचे रोग मातीतून जातात.

१०. मालकांशी बागेबद्दल काय बोलायचं? आम्हाला झाडांची लॅटिन नावं येत नाहीत.

येण्याची गरज नाही. ‘व्हेरी नाइस गार्डन’ म्हणालात तर ‘थँक यू’ एवढंच मिळेल. एका जागी उभं राहून एखादी गोष्ट नीट पाहा आणि तिच्याबद्दल विचारा: ही वेल या भिंतीवरच का? या वाफ्यात सगळी पांढरीच फुलं का? यंदा काय जगलं नाही? हा शेवटचा प्रश्न आम्ही आवर्जून सुचवतो. मेलेल्या झाडाबद्दल माळी जितकं सांगतो तितकं फुललेल्याबद्दल नाही, कारण त्यात माती, थंडी, गोगलगायी, चुकलेली जागा सगळं येतं.

वेळ साधावी लागते. नाश्ता करत असताना मालक तव्यापाशी अडकलेले असतात. संध्याकाळी पाण्याची झारी हातात दिसली की सोबत फिरा. वाफ्याच्या कडेला ते बोलता बोलता वाकतील, कोमेजलेलं फूल खालच्या पानाच्या जोडीपर्यंत नखाने खुडतील आणि खिशात टाकतील. का, ते विचारा: बी धरलं की झाडाचा फुलण्याचा भर ओसरतो, म्हणून बी धरण्याआधीच खुडायचं. मग ‘मीही खुडू का?’ म्हणा. पण न विचारता नको, कारण काही फुलं बियांसाठी मुद्दाम राखलेली असतात.

११. एखादं फूल तोडलं, सफरचंद खाल्लं, थोडं बी आणलं तर?

फूल आणि फळ विचारून. गवतात पडलेलं सफरचंदसुद्धा विचारून, कारण त्याचा मुरंबा किंवा ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) ठरलेला असू शकतो. बहुतेक वेळा ‘घ्या की’ असंच उत्तर येतं.

बी, रोप, कंद, फांदी यांचं मात्र वेगळं आहे. मालकांनी प्रेमाने दिलं तरी भारतात आणताना वनस्पती संगरोध आदेश, २००३ लागू होतो: आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. प्रवाशाला खिशातल्या पाकिटासाठी हे जमत नाही, म्हणून आणू नका. इथून तिकडे बी नेतानाही असंच प्रमाणपत्र लागतं. त्याऐवजी झाडाच्या लेबलाचा फोटो घ्या, जातीच्या नावासकट. नुसतं ‘जिरेनियम’ लिहून आणलंत तर उपयोग नाही, त्या एका नावाखाली शेकडो वाण येतात.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. नाश्त्याला काय मिळेल?

व्यवस्थित मिळतं, फक्त सांगण्यात गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडं चालतं. ‘व्हीगन’ म्हणालात तर दूध, लोणी, चीज, मधही जातं. मराठी घरांतल्या अनेकांचं यांच्या मधलं असतं, म्हणून बुकिंगच्याच वेळी सरळ लिहा: ‘मांस, मासे, अंडं नको, दूध, लोणी, चीज चालेल.’

तरीही काही ठिकाणी फसगत होते. मश्रूम आणि टोमॅटो बेकनच्याच तव्यात परतले जातात, वेगळा तवा मागा. ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त असतं. क्वॉर्न या ब्रँडच्या बऱ्याच शाकाहारी सॉसेजमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. वुस्टर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात. पॅनकेक आणि घरच्या केकमध्ये अंडं धरूनच चाला. स्कोनवर वरून अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. निर्धास्त खाता येईल असं: पॉरिज, टोस्ट-लोणी-मार्मलेड, बीन्स, फळं आणि बागेतलंच असेल तर रूबार्ब.

ॲलर्जी असेल तर संकोच करू नका. ठरवून दिलेल्या १४ घटकांची माहिती देणं खाद्यव्यवसायांना कायद्याने बंधनकारक आहे.

१३. रात्रीचं जेवण?

बी अँड बीमध्ये नसतं आणि स्वयंपाकघर वापरायला मिळत नाही. खेड्यातल्या पबचं किचन साडेआठ-नऊला बंद होतं. रविवारी रात्री आणि सोमवारी बरेचदा उघडतच नाही. टेबल आधी राखा. खोलीत किटली असते. खोलीत बसून तयार उपमा खायचा असेल तर विचारून.

१४. लहान मुलांना नेता येईल का?

बरीच घरं १२ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. त्यात तिरस्कार नसतो. बागेत कुंपण नसलेलं तळं असतं. घेत असतील तर तळं किती खोल, झाकलेलं आहे का, हे विचारा.

दुसरा धोका विषारी झाडांचा, आणि ती अगदी नेहमीची असतात. फॉक्सग्लोव्ह पूर्ण विषारी. निळ्या टोपडीसारख्या फुलांचा मंक्सहुड आपल्याकडच्या बचनागाच्याच कुळातला. लॅबर्नमच्या शेंगा मटारसारख्या दिसतात, मुलं तिथेच फसतात. यू या सदाहरित झाडाच्या लाल फळाचा गर सोडला तर पान, बी सगळं विषारी. ‘विचारल्याशिवाय तोंडात काही नाही’ हा नियम घरातून निघतानाच सांगा. काही पोटात गेलंच तर झाडाचा तुकडा जवळ ठेवून १११ला (वैद्यकीय सल्ल्याचा क्रमांक) फोन करा. त्रास दिसत असेल तर थेट ९९९, हा आणीबाणीचा क्रमांक.

१५. परागकणांची ॲलर्जी आहे, गाडीही नाही. तरी जमेल?

ॲलर्जी बहुधा फुलांपेक्षा गवताच्या परागांची असते. त्याचा जोर मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत. सप्टेंबर किंवा एप्रिल निवडा, मात्र एप्रिलमध्ये बर्चचे पराग असतात. उंच गवतातून गेलात तर संध्याकाळी पाय तपासा, गोचिड्या असतात. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायच्या.

गाडी नसेल तर रेल्वे स्टेशनपासून पाच मैलांच्या आतलं घर निवडा. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा. रविवारी खेड्यांत बस नसल्यात जमा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं.

१६. आमच्या मुक्कामातच बाग लोकांसाठी खुली होणार आहे. तारीख बदलावी का?

निवांतपणा हवा असेल तर बदला. आदले दोन दिवस मालक पहाटेपासून कडा कापण्यात आणि केक भाजण्यात असतात. त्या दिवशी तुमची गाडी सकाळीच हलवावी लागते. मात्र बाग वर्षातली सर्वांत नेटकी त्याच सकाळी दिसते, आणि लोक यायच्या आधी ती फक्त तुमची असते. नाश्ता लवकर घ्यायची तयारी असेल तर आम्ही तरी तारीख बदलणार नाही.

१७. फोटोतल्यासारखी बाग नव्हती, हिरवळ पिवळी पडली होती. पैसे परत मागता येतात का?

पावसाने झोपलेले डेल्फिनियम किंवा दुष्काळात वाळलेली हिरवळ यासाठी नाही. टंचाईत पाणी कंपन्या नळी वापरायला बंदी घालतात आणि मोडल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. मालक मग झारीने नवी रोपं जगवतात आणि हिरवळ सोडून देतात. पाऊस आला की ती पुन्हा हिरवी होते. ‘बागेत मुक्त वावर’ लिहून फाटकाला कुलूप असेल, तर तक्रार रास्त आहे. ती निघण्याआधी तोंडी सांगा.

बुकिंग रद्द करण्याबाबत एक गैरसमज: ऑनलाइन खरेदीला मिळणारी १४ दिवसांची मुभा ठरावीक तारखांच्या निवासाला लागू नाही. घराच्या स्वतःच्या अटीच चालतात, त्या वाचा.

१८. टिप द्यायची का? मालकांसाठी काय न्यावं?

मालक स्वतःच सगळं करत असतील तर टिपेची पद्धत नाही.

पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ प्रवासी सामानात न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. बी-रोपांचं प्रश्न ११मध्ये आलंच. आम्ही सुचवतो ते खुरपं. आपल्याकडचं साधं, नवं कोरं, लाकडी मुठीचं. फरशीच्या फटीतलं तण त्याच्या टोकाने मुळासकट निघतं आणि ते कसं धरायचं हे दाखवताना बागेत एक तास सहज जातो. चेक-इन बॅगेतच ठेवा, पातं पुठ्ठ्यात गुंडाळून.